कर्नाळा: सुळका गाठायचा की रान बघायचं?

निंबोणी | शुक्रवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत कर्नाळ्याला जायचं घाटतंय. आम्ही चौघं, खारघरहून. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, गुडघे कुरकुरतात, पण झाडापानांची आवड जबरदस्त. लेकीला मात्र किल्लाच हवाय. गोवा हायवेवरून तो अंगठ्यासारखा सुळका दिसला की गाडीत तिचं सुरू होतं, "तिथे कधी?"

माझा प्रश्न असा की गडाची वाट सोडून अभयारण्यात ज्या पायवाटा आहेत, त्या खरंच चालण्यासारख्या आहेत का? ज्याला विचारावं तो गडाचंच सांगतो. भराभर वर, फोटो, भराभर खाली आणि मग हायवेवर मिसळ. पक्ष्यांसाठी राखलेलं रान, आणि तिथे जाणाऱ्या बहुतेकांना पक्षी बघायला सवड नाही, हे मला पटत नाही. माझं मत सांगून टाकते: कर्नाळ्याला रानासाठी जावं, गड जमला तर जमला. गडप्रेमींनी रागावू नये, पण बोलावं.

खेकडा | रात्री १०:०२

हायवेवरच्या मिसळीला नावं ठेवायची नाहीत. बाकी वाचतोय.

गडकोट | रात्री १०:३५

निंबोणीताई, रागावलो नाही, पण पटलंही नाही. गड बाजूला ठेवून कर्नाळ्याचं रान समजत नाही.

उंची साडेचारशे मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने बुटकाच. पण जागा बघा. एकीकडे पनवेल आणि खाडीची बंदरं, दुसरीकडे बोरघाटाकडे चढणारी वाट. किनाऱ्यावरचा माल देशावर जायचा तो या गडाच्या नजरेखालून. म्हणून हा गड कुणी सोडला नाही. देवगिरीच्या यादवांपासून सत्ता बदलत गेल्या. १५४० मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने तो गुजरातच्या सुलतानाकडून घेतला, तेव्हा गुजरातच्या अंमलदारांनी वसईच्या पोर्तुगीजांकडे मदत मागितली आणि पोर्तुगीजांनी फौज पाठवून गड परत मिळवून दिला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये तो परत स्वराज्यात आला. १८१८ ला कर्नल प्रॉथरने घेतला आणि तिथे गडाचं राजकारण संपलं.

आणि रानाचं म्हणाल तर रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र काढून बघा. गडाच्या घेऱ्यातली झाडी हीच गडाची राखण, ती वाढवावी, तिथली काठीही तोडू देऊ नये, असं त्यात बजावलंय. म्हणजे किल्ला आणि रान एकच व्यवस्था होती. तुम्ही दोघांत भांडण लावताय.

टिटवी | रात्री ११:१०

गडकोट, शेवटच्या परिच्छेदाला नमस्कार. पण तुमच्याच मुद्द्यावर निंबोणीचं म्हणणं खरं ठरतं की! झाडी ही गडाची राखण असेल तर ती न बघता सुळक्याखाली जाऊन उभं राहणाऱ्याने अर्धाच गड पाहिला.

मी ठाण्यात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त. कर्नाळ्याला वर्गच्या वर्ग घेऊन गेलेय. निंबोणी, सासूबाईंना झाडांची आवड आहे ना, मग त्यांचा दिवस पायथ्यालाच भरून जाईल. साग, कुडा, उंबर, सावर, पांगारा, कोशिंब, बिब्बा हे सगळं वाटेच्या कडेला आहे. कुड्याला या दिवसांत जोडशेंगा लटकलेल्या असतात, एकाच देठाला दोन, लांब आणि बारीक. सावरीच्या कोवळ्या खोडावरचे काटे मुलीला हात लावून बघू द्या. झाड लहान असतं तेव्हा काटे भरपूर, जून झालं की बुंध्यावरचे बरेच झडून जातात. गुरं तोंड घालण्याची भीती असते त्या वयात संरक्षण. नऊ वर्षांच्या मुलीला हे एकदा कळलं की पुढची प्रत्येक सावर ती स्वतः शोधते. बिब्ब्याच्या फळाला मात्र हात लावू देऊ नका, त्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात.

पनवेलकर_काका | शनिवार, सकाळी ६:४०

सकाळी सकाळी चहासोबत धागा वाचला. आम्ही शिरढोणच्या शेजारचे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

गडकोट, तुम्ही १८१८ ला थांबलात. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके शिरढोणचे, जन्म ४ नोव्हेंबर १८४५. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. इंग्रजांनी गड घेतला तो या घराच्या हातून घेतला, आणि त्याच घरातला नातू पुढे इंग्रजांविरुद्ध उठला. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा गडाचं राजकारण १८१८ ला संपलं म्हणू नका. पनवेलहून कर्नाळ्याला जाताना शिरढोण वाटेतच लागतं. मुलीला घेऊन जाताय तर तिथे थांबा. गड लांबून दाखवा, त्यांची गोष्ट सांगा, मग पुढे निघा.

आता मूळ प्रश्न. पनवेलपासून १२ किलोमीटर. स्वतःची गाडी नसली तरी पनवेल डेपोतून पेणकडे जाणारी एसटी अभयारण्याच्या दाराशी उतरवते, मात्र तिथे थांबते ना हे कंडक्टरला आधी विचारायचं. दारावर तिकीट काढायचं. पिशव्या बघतात. प्लास्टिकच्या बाटल्या, वेफरची पाकिटं मोजून अनामत घेतात, परत येताना तेवढंच प्लास्टिक दाखवलं की पैसे परत. काहीजण यावरून दारावर वाद घालतात, ते बघून वाईट वाटतं. स्टीलची बाटली न्या, डबा न्या, प्रश्नच मिटला.

रानवाट | शनिवार, सकाळी ८:१५

निंबोणी, पायवाटांबद्दल नेमकं सांगतो. पक्षी बघायला मी ठाण्याहून तिथे बारमाही जातो.

गडाची वाट सोडून दोन वाटा नावाने ओळखल्या जातात: हरियाल आणि मोरटाका. हरियाल सोपी, तुमच्या सासूबाईंसाठी हीच. मोरटाका लांब आहे, चढउतार आहेत, पण रान दाट आणि माणसं कमी. माझा जीव मोरटाक्यावर. गडावर जाणाऱ्या वाटेवर रविवारी रांग लागलेली असताना मोरटाक्यावर तुम्हाला तासभर कुणी भेटणार नाही, असंही होतं.

हे अभयारण्य १९६८ चं, वन्यजीव कायद्याच्याही आधीचं. सुरुवातीला जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होतं, २००३ मध्ये वाढवून १२.११ केलं. आकार अगदी लहान. पण दीडशेच्या वर जातींचे पक्षी आहेत आणि हिवाळ्यात बाहेरचे पाहुणे येतात, ते याच महिन्यापासून. स्वर्गीय नर्तक, निळ्या डोक्याचा कस्तुर. बारमाही म्हणाल तर शामा, भृंगराज, निखार, कुटुरगा, हळद्या, सर्पगरुड.

पण यादी घेऊन जाऊ नका. एक गोष्ट करा. हरियाल वाटेवर पाचशे पावलं चाला आणि थांबा. बसा. पंधरा मिनिटं. चालताना रान रिकामं वाटतं, कारण आपल्या पावलांनी सगळे गप्प झालेले असतात. बसल्यावर आधी खारी सुरू होतात, मग सातभाई पाचोळा उलटत येतात. त्यांच्या वरच्या फांदीवर बघा, बहुतेक वेळा भृंगराज असतो, शेपटीच्या दोन तारांना टोकाशी पानासारखी पिसं. खाली सातभाई किडे उठवतात, तो वरून टिपतो. शिकारी पक्ष्याचा आवाज हुबेहूब काढण्यात हा पटाईत आहे. इशारा ऐकून बाकीचे दडतात आणि टाकून दिलेला किडा हा उचलतो. एवढं नाटक मुलीने एकदा बघितलं ना, की ती गडाचं नाव दुपारपर्यंत काढणार नाही.

पागोळी | शनिवार, सकाळी ९:०५

रानवाट, नऊ वर्षांची मुलगी पंधरा मिनिटं बसेल? तुम्हाला मुलं आहेत का?

रानवाट | शनिवार, सकाळी ९:२०

दोन आहेत. हातात दुर्बीण आणि समोर शेंगदाण्याची चिक्की असली की बसतात. चिक्कीचा कागद परत पिशवीत, हे मात्र आधी ठरवून घ्यायचं.

कोपरीकर | शनिवार, सकाळी १०:३०

आम्हा ठाणेकरांनी एवढ्या लांब का जावं सांगा. येऊर दाराशी आहे. संजय गांधी उद्यानाचंच अंग ते, पक्षी तेवढेच, रान मोठं. २०१६ ला आणि परत २०२४ ला कारवी फुलली तेव्हा अख्खा डोंगर जांभळा झाला होता. आणि किल्लाच हवा असेल तर माहुली. तोसुद्धा तानसा अभयारण्याच्या हद्दीतच. आसनगावला लोकलने उतरायचं. पळसगड, माहुली, भंडारगड असे तीन गड एका डोंगरावर. शहाजीराजे १६३६ मध्ये निजामशाहीचा शेवटचा लढा लढले ते माहुलीवरून. पुरंदरच्या तहात माहुलीही गेला होताच. कर्नाळ्याला हायवेचा आवाज शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

गडकोट | शनिवार, सकाळी १०:५०

माहुलीबद्दल एक अक्षर कमी बोलणार नाही, अप्रतिम गड. पण गुडघे दुखणाऱ्या आजी आणि नऊ वर्षांची मुलगी? तो चढ कर्नाळ्याच्या जवळपास दुप्पट उंचीचा आहे. पहिल्या गडासाठी नको.

रानवाट | शनिवार, सकाळी ११:१५

कोपरीकर, हायवेच्या आवाजाचं खरं आहे. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्याच्या पोटातूनच जातो. पायथ्याच्या वाटांवर सकाळी आठनंतर ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. शामा गातोय आणि खाली खिंडीत कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलाय. रात्री रस्ता ओलांडणाऱ्या प्राण्यांचं काय होत असेल ते वेगळं. आणि दिवसा गाड्या थांबवून माकडांना केळी, बिस्किटं देणारे. त्या खाण्यापायी माकडं रस्त्यावर येऊन बसतात आणि गाडीखाली जातात. ज्यांना वाटतं आपण पुण्य करतोय, त्यांनी एकदा त्या वळणावर मेलेलं पिल्लू छातीशी धरून बसलेली माकडीण बघावी. मी बघितलीय. कृपा करून खायला घालू नका.

म्हणूनच मला वाटतं, कर्नाळ्याला लोकांनी जायला हवं, पण रान बघायला. बारा चौरस किलोमीटरचा तुकडा, एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाने पनवेल वाढत चाललंय. ज्यांनी तिथे एखादी सकाळ घालवली आहे तेच लोक उद्या त्याच्यासाठी उभे राहतील.

फ्रेमबंद | शनिवार, दुपारी १:४०

पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर कर्नाळ्याचा खरा राजा तिबोटी खंड्या. रायगड जिल्ह्याचा जिल्हापक्षी. जूनमध्ये पाऊस घेऊन येतो, ओढ्याच्या मातीच्या कडेत बीळ करून पिल्लं वाढवतो, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत परत. मुठीत मावेल एवढा, पोट पिवळं, चोच केशरी, पाठीवर निळा-जांभळा. निंबोणीताई, तुम्ही पावसाळ्यात यायला हवं होतं. मोबाइलवर आवाज वाजवला की समोर येऊन बसतो, मुलीला छान दिसला असता.

रानवाट | शनिवार, दुपारी २:०५

फ्रेमबंद, शेवटच्या वाक्याला माझा कडकडून विरोध.

आवाज वाजवल्यावर तो येतो, कारण त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसलाय. म्हणजे पिल्लांना सरडा, बेडूक, खेकडा आणून द्यायचा सोडून तो एका मोबाइलशी लढायला येतो. तुमच्यानंतर दुसरा गट, मग तिसरा. पिल्लं बिळात वाट बघत बसतात. त्याचा विणीचा काळ पावसाळ्याचे तीन-चार महिने. तेवढ्यातच सगळं उरकायचं असतं.

फ्रेमबंद | शनिवार, दुपारी २:३०

एकदा-दोनदा वाजवून काय होतं? आणि फोटो लोकांपर्यंत पोचले म्हणूनच तिबोटी सगळ्यांना माहीत झाला. फोटोग्राफर नसते तर जिल्हापक्षी तरी कुणी केला असता का?

टिटवी | शनिवार, दुपारी ३:१५

फोटोंचा उपकार मान्य. पण एकदा-दोनदा हे प्रत्येकाचंच असतं ना. पन्नास जणांचं एकदा-दोनदा त्या एका जोडीच्या वाट्याला येतं. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधलं कलम २७ अभयारण्यात वन्यप्राण्याला त्रास द्यायला आणि कचरा टाकायला स्पष्ट मनाई करतं. पक्षी त्यात आलेच. ओढ्यापासून लांब बसा, हलू नका, तो ठरलेल्या फांदीवर येतोच. वेळ जास्त जातो, पण त्यात फोटोही अधिक चांगला मिळतो, कारण तो त्याच्या कामात असतो.

फ्रेमबंद | शनिवार, दुपारी ३:४०

हे ठरलेल्या फांदीचं बरोबर आहे. बिळात जायच्या आधी तो तिथेच थांबतो. ठीक, पुढच्या पावसाळ्यात आवाज न वाजवता बसून बघतो. बिळापासून किती लांब बसावं?

रानवाट | शनिवार, दुपारी ३:५५

तुम्ही आल्यामुळे तो चोचीत भक्ष्य धरून फांदीवर ताटकळला, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका. आणि बिळाची जागा कुठेही लिहू नका. भेटलात तर मनापासून आभार मानीन.

पागोळी | शनिवार, संध्याकाळी ५:१०

मला वेगळंच विचारायचंय. गेल्या वर्षी एका मोठ्या ग्रुपसोबत आम्ही गडावर गेलो होतो. सुळक्याखाली पोचल्यावर काहीजणांनी स्पीकर लावला, घोषणा सुरू केल्या. एक वयस्क गाइड धावत आले आणि हात जोडून म्हणाले, "वर बघा." मान वर केली तर खडकाच्या पोटाला काळी मोठाली पोळी लटकलेली. एवढी की खालून मोजता येईनात. पोरांना घेऊन मी तशीच मागे फिरले. निंबोणी लहान मुलीला नेतेय म्हणून सांगते, वर मधमाश्या आहेत हे कुणीच लिहिलेलं नाही अजून.

गडकोट | शनिवार, संध्याकाळी ५:४०

पागोळी, बरं झालं लिहिलंत. तो सुळका म्हणजे बेसॉल्टचा सव्वाशे फुटांचा उभा कातळ, त्याच्या कपारींत आग्या मोहोळं असतात. पायथ्याशी खडकात खोदलेल्या टाक्या आहेत, लोक तिथेच दमून बसतात आणि गोंगाट करतात. अगदी पोळ्यांच्या खाली. महाराजांच्या नावाचा जयजयकार माझ्याइतका कुणाला आवडत नसेल, पण तो पायथ्याला करावा. वर हात जोडून उभं राहिलं तरी महाराजांना पोचतं.

कोरांटी | शनिवार, रात्री ८:३०

मी डॉक्टर आहे, म्हणून या भागापुरतं लिहिते.

आग्या माशीचं पोळं उघड्यावर टांगलेलं असतं, म्हणून ती झटकन चवताळते. धूर, धक्का, दगड, मोठा आवाज, उग्र अत्तर हे सगळं टाळायचं. अभयारण्यात आग लावायला कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा चूल, सिगारेट हा विषयच नको. एक माशी चावली की तिच्या डंखातून जो वास सुटतो त्याने बाकीच्या त्याच जागी येतात. त्यामुळे हात झाडत उभं राहणं हे सगळ्यात वाईट. ओढणी, टॉवेल, जे असेल त्याने डोकं आणि तोंड झाका, मुलाला पोटाशी घ्या आणि आल्या वाटेने लांब जा, पण कड्याच्या बाजूला पळू नका. लांब गेल्यावर काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून काढा. कसे काढले यापेक्षा लवकर काढणं महत्त्वाचं.

अंगभर गांधी, ओठ-पापण्या सुजणं, आवाज घोगरा होणं, धाप, चक्कर, उलटी यांतलं काही दिसलं तर एकच डंख असला तरी थांबू नका. थेट पनवेलला दवाखाना गाठा. खूप डंख असतील तर त्रास होत नसला तरीही जा. ज्यांना आधी कधी माशी चावून अशी रिअॅक्शन आली आहे त्यांनी वर जाऊच नये.

निंबोणी, घाबरवायचा हेतू नाही. शांतपणे जाणाऱ्यांना सहसा काही होत नाही. मीही जाते.

खेकडा | शनिवार, रात्री ८:४५

आमचे बाबा गडावर पोचले की पहिला प्रश्न, "डबा कोणाकडे आहे?" त्यांना हा प्रतिसाद दाखवला. म्हणाले, यंदा डबा खाली, टाक्यांपाशी नाही. कोरांटीताई, आमच्या घरात तुमचा शब्द चालला!

आपटेकर | रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार. मी आपटा गावाच्या बाजूचा. पक्षी दाखवायला लोकांना घेऊन जातो, म्हणून दोन शब्द.

गर्दीवर बंदी घाला असं अजून कुणी म्हटलं नाही, पण दर वेळी चर्चा तिथेच जाते, म्हणून आधीच सांगतो. रविवारच्या गर्दीवर आमच्या वाड्यांतल्या बायांची काकडी, पेरू, लिंबू सरबत विकलं जातं. माणसं आलीच नाहीत तर ते बंद. माझं म्हणणं एवढंच की सगळे एकाच दिवशी एकाच वाटेने नको. शनिवारी या, मधल्या वारी या. वाटाड्या घ्या. ठाकर-कातकरी पोरांना कुठला पक्षी कुठल्या झाडावर कधी येतो ते तोंडपाठ असतं. त्यांच्यासोबत एक सकाळ फिरलात की पुस्तकातलं मागे पडतं. आमच्याकडच्या एकाला पाचोळ्याच्या आवाजावरून कळतं की खाली कोंबडी आहे, सरडा आहे की साप. मी त्याच्याकडूनच शिकतोय अजून.

आणि गडाच्या वाटेवर कर्णाई देवीचं देऊळ लागतं, तिथे जरा टेकायला चांगलं.

पनवेलकर_काका | रविवार, सकाळी ११:५०

आपटेकर, तुमच्यासारखे लिहिते झाले पाहिजेत. शाळांच्या सहली नेणाऱ्यांनी हे वाचावं. दीडशे मुलं शिट्ट्या वाजवत वर नेण्यापेक्षा पंधरा-पंधरांचे गट करून तुमच्या पोरांसोबत हरियाल वाटेने फिरवली तर दोघांचंही भलं.

टिटवी | रविवार, दुपारी १२:३०

काका, अगदी. आम्ही असं करायचो. प्रत्येक गटाला एकच काम: एका झाडाखाली अर्धा तास बसायचं आणि त्याच्यावर कोण कोण येतं ते लिहायचं. उंबर मिळालेल्या गटाची वही नेहमी भरायची, कारण उंबराला फळ असलं की सगळा मुलूख तिथे जमतो. हरियाल, तांबट, कुटुरगा, रात्री वटवाघळं. मुलं एकमेकांना विचारायची, "तुझ्या झाडावर काय आलं?" मला त्या वाक्याने फार आनंद व्हायचा.

अवांतर: पावसाळ्यात पहाटे तिथे शीळकर कस्तुर ऐका. एखादं उनाड पोर शाळा बुडवून शीळ घालत फिरावं तसं गातो. आता तो गप्प असेल.

आडवाट | रविवार, संध्याकाळी ६:००

उशिरा आलो. गडकोट आणि निंबोणी यांच्या वादात मी मधला मार्ग सुचवू का? पहाटे रान, उन्हं चढायच्या आत गड.

गडकोट | रविवार, संध्याकाळी ६:२०

मीही तेच म्हणणार होतो. एक गोष्ट मान्य करायला हवी, रानवाटांचा तो भृंगराजचा प्रतिसाद वाचून मला जाणवलं की इतकी वर्षं मी त्या झाडीतून फक्त चढलोय. यंदा मोरटाका चालून बघणार.

मुलीसाठी म्हणून: गडाचे दरवाजे, तटबंदीचे अवशेष, टाक्या आणि लेख दाखवा. वर मराठी आणि फारसी असे दोन्ही लेख आहेत. दगडावरची अक्षरं बोटाने न चोळता, खडू-पाणी न लावता, नुसती बघायची. वरून हवा स्वच्छ असेल तर माणिकगड, प्रबळगड, माथेरान, सगळं ओळीने दिसतं. सुळक्यावर चढायचा प्रयत्न नाही, तिथे दोर आणि प्रशिक्षण लागतं. मुलीसोबत चढायला दोन तास धरा. शेवटचा टप्पा खडकाळ आहे, बूट चांगल्या पकडीचे हवेत.

निंबोणी | रविवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार! घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी टिटवीताईंचा प्रतिसाद परत वाचायला लावला आणि म्हणाल्या, "मला उंबर दाखवा, मी तिथेच बसते." त्यांच्या माहेरी दारात उंबर होता.

तर ठरलं असं: शनिवारी नाही जमत, म्हणून बुधवार. शिरढोणला थांबा. दार उघडताच आत. चौघंही हरियाल वाटेने, आपटेकरांनी सांगितलं तसा वाटाड्या घेऊन. मग मी आणि सासूबाई खालीच, लेक आणि तिचे बाबा गडावर. जेवण खाली. स्पीकर, अत्तर, प्लास्टिक काही नाही. लेकीने स्वतःहून चिक्कीच्या कागदाची जबाबदारी घेतली आहे.

माझं मत बदललेलं नाही हं गडकोट, पण गड जमला तर जमला हे वाक्य मागे घेते. लेकीला गड मिळायलाच हवा.

दोन शंका उरल्या. हरियाल वाटेवर मध्ये बसायला सोय आहे का? आणि दुर्बीण कुठली घ्यावी, आमच्याकडे नाही.

आपटेकर | रविवार, रात्री ९:४०

बसायला वाटेवर जागा सापडतात, तरी आजींसाठी घडीचं स्टूल आणा, जिथे उंबर तिथे मांडता येईल. काठी आणा, पाचोळ्याखाली मुळं असतात. पाय टाकायच्या आधी काठी टेकायची, म्हणजे सापालाही बाजूला व्हायला वेळ मिळतो. बुधवारी मी आहे.

रानवाट | रविवार, रात्री ९:५५

दुर्बीण लगेच विकत घेऊ नका. आठ बाय बेचाळीसच्या दोन आहेत माझ्याकडे. बुधवारी सकाळी मला पनवेलला यायचंच आहे, एक आजींना, एक लेकीला. डोळ्याला लावून कशी जुळवायची ते दारापाशी दाखवतो. साडेसहाला पनवेल डेपोच्या बाहेर चालेल?

निंबोणी | रविवार, रात्री ९:५८

चालेल. सव्वासहालाच येतो.